तळातला दवला

काजूच्या बोंडूंचा वास सुटला की लोकांना सुट्टी आठवते. मला भीती वाटते.

डिचोलीहून लाटंबार्सेला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून मार्च महिन्यात तो आत येतो. गोड, आंबूस, जरासा कुजका. बसमधला कुणीतरी डोळे मिटून "आहाहा" म्हणतो आणि फेणीची भट्टी कुणाची लागली त्याची चौकशी सुरू होते. हल्ली या वासाची पोस्टरंही निघतात. पोस्टरवर बोंडूंची टोपली डोक्यावर घेतलेली एक मुलगी हसत असते. तिच्या हातांचा फोटो मात्र कुणी जवळून काढलेला मी पाहिला नाही. काढला तर पोस्टर भिंतीवर लावता येणार नाही. काजूच्या बीच्या सालीत जो चीक असतो, त्यानं बोटांची कातडी आधी तपकिरी होते, मग काळी, मग सापाच्या कातेसारखी सुटून येते. माझ्या बोटांची सुटायची. माझ्या धाकट्या बहिणीची, सुलीचीही. दादाची कधी सुटली नाही. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तो दहावीला होता.

यंदा वास नेहमीपेक्षा लवकर आला, आणि त्याच आठवड्यात माझी मुलगी गौतमी पडली.

कुठे पडली ते सांगायला लाज वाटते. मी डिचोलीतल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल आहे आणि गौतमी तिथेच नववीत शिकते. ग्रंथपालानं पुस्तकं वाचलेली असतात असा लोकांचा समज असल्यामुळे महिलांच्या कार्यक्रमात दरवर्षी मला भाषण करावं लागतं. यंदाचा विषय होता, 'समानतेची सुरुवात घरातून'. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर स्वागताच्या मुली, त्यांत गौतमीही, हातात तबकं घेऊन ओळीनं उभ्या होत्या. बटाटवडे आतल्या खोलीत झाकून ठेवले होते, कारण आधी पाहुण्यांनी खायचं, मग शिक्षकांनी आणि मग मुलींनी. हा क्रम समानतेच्या फलकाखालीच ठरला होता आणि त्यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. मी माझे कागद चाळत होते. भाषणाच्या तिसऱ्या पानावर असताना तबक पडल्याचा आवाज झाला. कोणत्या वाक्यावर, ते आठवत नाही. आठवलं असतं तरी सांगितलं नसतं.

"ऊन लागलं असेल," मुख्याध्यापक म्हणाले. सभागृहाला छप्पर होतं.

डॉक्टरीणबाईंनी गौतमीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि रक्त तपासायला पाठवलं. मग मला विचारलं, "मासे, अंडी खाते?"

"खाते की."

"किती?"

"आमच्याकडे सगळ्यांना सारखंच असतं," मी म्हणाले.

म्हणाले, आणि मागे वळून पाहिलं. कारण ते वाक्य माझं नव्हतं. आवाजसुद्धा माझा नव्हता. तो आईचा होता.

तपासणीचा निकाल यायला चार दिवस लागणार होते. या वयात अशक्तपणाची कारणं बरीच असतात, काही साधी, काही तितकी साधी नसतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चार दिवसांत मी काहीही वाचू शकले नाही. फक्त वास घेत होते.

*

आमच्या घरी आई सगळ्यांना दोन-दोन दवले वाढायची. दवला म्हणजे नारळाच्या करवंटीला लाकडी दांडा बसवून केलेला डाव. दादाला दोन, मला दोन, सुलीला दोन. आल्यागेल्याला ती अभिमानानं सांगायची, "माझ्याकडे भेदभाव नाय हां. चेडो काय नि चेडू काय, दोन-दोन दवले." बाबा खाणीवर कामाला होते. ते मान डोलवायचे. मोजणारा कुणी घरात आला असता तर त्यानंही मान डोलवली असती.

पण ओल्या काजूगरांची उसळ ज्यानं वाढली आहे त्याला माहीत असतं, की गर तळाशी बसतात. वर नारळाचा रस असतो, तिखट, पिवळट, एखाद-दुसरा बटाटा तरंगत असलेला. दवला वरवर घातला तर रस येतो. मनगट थोडं वळवून खालून आणला तर गर येतात. दादाच्या वेळी आईचं मनगट वळायचं. आमच्या वेळी वळायचं नाही. एवढाच फरक. ती हे ठरवून करत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. भीती त्याचीच आहे. ठरवून केलेली गोष्ट माणूस ठरवून थांबवू शकतो.

कारणं मात्र होती, भरपूर. दादाची परीक्षा होती आणि गरानं डोकं चालतं. तळलेल्या बांगड्याची मधली कुडी, म्हणजे जाड तुकडा, त्याची, कारण त्याला काटे काढायला वेळ नव्हता. आमच्या वाट्याला शेपटी, कारण आमची बोटं बारीक. सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजली की दादाला उंडा पाव आणि अंडं, आम्हाला पेज, कारण पेज थंड. आणि गर? "चेडवांक गर उष्ण पडतत गो," आई म्हणायची. "नाकातून रगत येता." शेजारच्या घरातल्या मुलींनाही ते उष्ण पडत. आमच्या वाड्यावर गर फक्त मुलींना ओळखून उष्ण पडत असत.

सुली सात वर्षांची होती. तिला नियम लवकर कळत. दोनदा तिनं दादाच्या ताटाकडे पाहिलं, दोनदा आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्या वेळी वाढण्याआधीच तिनं ताटावर हात धरला.

"माका नको. माका आवडत नाय."

आईला केवढा आनंद झाला! एखाद्या मुलीनं आपणहून हे म्हणावं यासारखं सुख नाही. त्यानंतर पाहुण्यांना आणखी एक वाक्य ऐकायला मिळू लागलं. "आमच्या सुलीक गर आवडतच नाय. सोलून देयत, पण तोंडात घालूची नाय. गुणाची आसा."

ते सोलणं. दुपारी मागच्या पडवीत आम्ही दोघी बसायचो, हातांना खोबरेल चोपडून. मी विळीवर हिरवी कोवळी बी चिरायची, सुलीनं काडीनं आतला गर सोडवून पाण्यात टाकायचा. वाडग्यात पांढरे वाकडे गर साचत जायचे. इवल्या गर्भासारखे दिसतात ते, मला तेव्हाही त्यांच्याकडे फार वेळ बघवत नसे. आत दादा भूगोल पाठ करत असायचा. मध्येच हाक मारायचा, "ए बाय, कोपभर पाणी दी गो." मी उठायची. सुली वाडग्याजवळ एकटी राहायची. मी परत येईपर्यंत एकही गर कमी झालेला नसायचा. आई संध्याकाळी वाडगा पाहायची आणि एक जरी कमी असता तरी तिला कळलं असतं.

मार्चच्या मध्यावर बोंडू खूप पडायला लागले, तेव्हा आई पहाटेच ते वेचायला डोंगरावर जाऊ लागली. दुपारी पुन्हा. जेवण ती करून ठेवायची, वाढायचं मी. मी बारा वर्षांची होते. दवला हातात आला याचा मला इतका अभिमान होता की पहिले दोन दिवस मी पोटभर जेवलेच नाही.

आणि मी कसं वाढलं? आता इथं कुणी मला विचारावं, तुझ्या हातात सगळं होतं, बघणारं कुणी नव्हतं, मग? मग काहीच नाही. दादाला तळातून. सुलीला वरून. मला वरून. आठवड्यानं आई एकदा लवकर परतली आणि दारात उभी राहून मला वाढताना पाहत राहिली. मग डोक्यावरची टोपली उतरवत म्हणाली, "हात बसलो गो तुझो."

इतकी शाबासकी मला पुढे कुठल्याच परीक्षेत मिळाली नाही.

*

वाट पाहण्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच्या हाताकडे पाहत होते. आमच्याकडे आता दवला नाही, स्टीलचा डाव आहे. मेजावर सगळे एकत्र बसतो. नवरा स्वतःचं ताट उचलतो. माझा मुलगा सोहम अकरा वर्षांचा आहे आणि भांडी लावायला मदत करतो, त्याचे फोटोही आहेत. गौतमीला मी कधी कमी दिलं? कधीच नाही. मग आठवू लागले. काल सुरमईचे चार तुकडे होते. मोठा सोहमला, कारण तो फुटबॉल खेळतो. शेपटीकडचा गौतमीला. का? तिला चालतो म्हणून. तिला चालतो हे मला कुणी सांगितलं? तिनंच. केव्हा?

आठवेना.  गॅस बंद करून मी स्टुलावर बसले.

"आई, काय झालं?" गौतमीनं दारातून विचारलं. चेहरा पिठासारखा.

"काही नाही. तू नीज जा."

"तूच घाबरलीयस. मला काही होत नाही."

सुलीसुद्धा असंच म्हणाली असती. त्या दुपारी तिला बोलता येत असतं तर.

*

त्या दुपारी सुली जेवायला आली नाही. दादाला वाढून झालं, माझं झालं, भात निवला. मी हाका मारल्या. विहिरीपाशी पाहिलं आणि आत डोकावताना डोळे मिटून घेतले, मग उघडले. पाणी स्वच्छ होतं. गोठ्यात नव्हती. मग पोफळींच्या कुळागराच्या बाजूला चिरे रचून केलेल्या गडग्यामागे तिचा फ्रॉक दिसला.

ती पाठमोरी बसली होती. मी खांदा धरून वळवलं तेव्हा मला ती ओळखू आली नाही. ओठ सुजून उलटले होते, हनुवटीवर काळसर ओघळ, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना पांढरे फोड. डोळे मात्र तिचे होते, आणि ते माझ्याकडे इतक्या भीतीनं पाहत होते की क्षणभर वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे.

मागे कुणी नव्हतं. ती मलाच भ्यायली होती.

तिच्या मुठीत हिरवी बी होती, दातांनी चावलेली. विळी माझ्या ताब्यात, सोललेले गर आईच्या नजरेत. मग झाडाखालची कच्ची बी उचलून तिनं ती दातांनी फोडली होती. ज्या चिकानं हाताची कातडी सोलते, तो तिनं तोंडात घेतला होता. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिची बोटं काळी होती.

मी खोबरेल आणलं, तिच्या ओठांना लावलं, तशी ती घशातून ओरडली. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दादा बाहेर आला, तिला पाहून मटकन खाली बसला. मी डोंगराकडे पळाले. सुकलेल्या पानांवर पाय घसरत होते, सगळीकडे फुटलेले बोंडू, त्यांचा तो वास, आणि मी ओरडत होते, पण काय ओरडावं तेच मला कळत नव्हतं. सुलीनं बी खाल्ली असं ओरडले तर आई विचारणार, का खाल्ली? म्हणून मी नुसतं "आई, आई" एवढंच ओरडत राहिले.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही डिचोलीला गेलो. सुली आईच्या मांडीवर, मी समोर. ती शिट्टी थांबली तर काय, आणि चालू राहिली तर काय, मी दोन्हींना घाबरत होते. वाटभर आई म्हणत होती, "किडो चावलो. नायतर चीक उडालो अंगार." डॉक्टरांनी बॅटरीचा झोत पाडून तोंडात पाहिलं. आत जीभही सोलली होती.

"काजूची बी चावलीय हिनं," ते म्हणाले.

"ना ना," आई लगेच म्हणाली. "हिका गर आवडतच नाय. विचारा हिच्या भयणीक. रोज हीच वाढता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं. सुलीनंही, त्या सुजलेल्या चेहऱ्यातल्या दोन फटींमधून. सगळ्यांना माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. ते तीन शब्दांचं होतं. मी मान खाली घातली. माझ्या बोटांची कातडी सुटलेली होती, ती मी उपटत बसले.

घशाची सूज वाढली तर पणजीला न्यावं लागेल, तोवर बसा, असं सांगून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. आम्ही बाकावर बसलो. सुलीच्या छातीवर हात ठेवून मी प्रत्येक श्वास मोजत होते आणि मनात देवाला सांगत होते, की ती वाचू दे, मी सगळं सांगेन. दिवेलागणीला शिट्टी कमी झाली. सूज वाढली नाही. ती वाचली.

मी काही सांगितलं नाही.

घरी महिनाभर सुलीला पेज आणि नारळाचं दूध. शेजारणी येऊन पाहून जात. "चोरून खाल्लान मगे?" एकीनं विचारलं. आईनं तिला दारातूनच परत पाठवलं आणि मग पडवीत जाऊन पदर तोंडाला लावून रडली. तेव्हा मी प्रथमच आईचं जेवण पाहिलं. सगळ्यांचं झाल्यावर तिनं उसळीच्या रिकाम्या भांड्यात पेजेचं पाणी ओतलं, भांडं गोल फिरवलं, आणि तसंच तोंडाला लावलं. तिच्यासाठी दवला लागतच नव्हता. पुढे पुष्कळ वर्षांनी, ती जाण्याआधी, मी धीर करून विषय काढला. "मी काय तुमका उपाशी ठेवलंय?" तिनं विचारलं. नव्हतं ठेवलं. आमच्याकडे उपाशी कुणीच नव्हतं. दादाला विचारलं, तर तो खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाला, "अगे, आपण सगळी एकाच भांड्यातलं जेवायचो ना?"

*

चौथ्या दिवशी निकाल आला. रक्त बरंच कमी होतं, पण दुसरं काही नव्हतं. लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, मासे, अंडी. "पोटात कमी जातंय," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी आरोप केला नाही. मी मात्र खुर्चीत आरोपीसारखी बसले होते. दुसरं काही निघालं असतं तर बरं झालं असतं, असा एक विचार मनात येऊन गेला. इतका घाणेरडा विचार मी आयुष्यात केलेला नाही. दुसरं काही निघालं असतं, तर ते माझ्या हातून झालेलं नसतं.

संध्याकाळी सुलीला फोन केला. ती लग्न होऊन पेडण्यात केरीला असते, समुद्राजवळ, पाहुण्यांना चार खोल्या भाड्यानं देते. ओठाच्या डाव्या कोपऱ्याला तिला अजून पांढरा डाग आहे. लिपस्टिक तिथं धरत नाही, असं हसत सांगते.

सगळं ऐकून ती म्हणाली, "अगो ताई, तू इतकी पुस्तकं वाचतस, आणि एक डाव सरळ धरूक येना?"

"हसू नको सुली. मला भीती वाटते. तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं नाही..."

 फोनवर तिच्या मागे लाटांचा आवाज येत होता, की पंख्याचा, कळलं नाही.

"माका तेव्हा भूक नव्हती गो," ती म्हणाली. "लोकांक वाटता भूक. माका फक्त बघूचा होता, लागता कसो तो."

"आणि?"

"आणि काय? सालीच्या आत पोचलंयच खंय?"

मग तिनं विषय बदलला. 

*

रविवारी डिचोलीच्या बाजारातून ओले गर आणले. विकणाऱ्या बाईची बोटं मी पाहिली आणि घासाघीस न करता निघाले. उसळ केली, नारळ वाटून, आई करायची तशी. वासानं सगळे आधीच मेजाशी येऊन बसले. मी डाव उचलला आणि परत ठेवला. या हातावर आता माझा विश्वास नव्हता.

"गौतमी," मी म्हणाले, "आज तू वाढ."

मला वाटलं होतं, ही माझी युक्ती. नव्या हाताला जुनी सवय नसणार. ती उठली, डाव घेतला. आधी तिच्या बाबांना. मग सोहमला. आणि सोहमच्या वेळी मी पाहिलं, भांड्याच्या तळाशी डाव टेकला, आणि तिचं मनगट किंचित वळलं. पांढऱ्या गरांचा ढीग त्याच्या भातावर पडला. मग मला, तळातून. मग तिनं स्वतःचं ताट ओढलं आणि डाव वरच्या वर बुडवला. पिवळा रस, एक बटाटा.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती फक्त चौदा वर्षं माझ्यासमोर बसून जेवली होती.

"तुझ्या ताटात गर कुठायत?" मी विचारलं. आवाज नको इतका मोठा निघाला.

तिनं ताटात पाहिलं. तिलाही आत्ताच दिसलं असावं. "असू दे गं. मला नाही एवढे आवडत."

माझ्या कानात शिट्टी वाजू लागली, ती टेम्पोतली.

"काय खोटं बोलते ही!" सोहम तोंडात घास घेऊनच ओरडला. "परवा माझ्या डब्यातले काजूगर काढून कुणी खाल्ले? मांजरानं?"

"गप रे तू!" गौतमीचे कान लाल झाले. एवढं रक्त तिच्यात आहे हे पाहून मला बरं वाटलं असतं, पण तिनं पटकन माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी गडग्यामागे एकदा पाहिलेली होती.

मेजावर सगळे थांबले. नवऱ्याला काय चाललंय ते कळेना. कुणीतरी माझ्याकडून एका वाक्याची वाट पाहत होतं, त्या दवाखान्यातल्यासारखं.

"आवडतात," मी म्हणाले. "गर तिला आवडतात."

मग डाव तिच्या हातातून घेतला आणि भांड्याच्या तळाला लावला.  तळाशी जेवढे होते तेवढे तिच्या ताटात वाढले.

तिनं एक गर उचलून तोंडात ठेवला. सावकाश चावला. दुसरा उचलताना तिनं दाराकडे पाहिलं. मग सोहमच्या ताटाकडे, मग माझ्याकडे. मी होकाराची मान हलवली. तिनं खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

असं करत करत तिनं ताट संपवलं. शेवटच्या गरापर्यंत मी मान हलवत राहिले.